लहानग्यांचा कोपरा

बाक चांगला झाला होता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल ही बाई उगाच खुसपट काढते. बसायला ऐसपैस, पाठ टेकायची सोय, कडा गुळगुळीत, वर काळा पॉलिशचा दगड आणि त्यावर सोनेरी अक्षरांत ‘आमच्या पूर्वजांच्या स्मरणार्थ’. आणि खाली, बाकाच्या पोटात, सिमेंटमध्ये ओळीने बसवलेली आमच्या घरातली लेकरं.

म्हणजे लेकरांचे दगड. पण त्या घडीला मला दगड दिसलेच नाहीत, लेकरंच दिसली. तळपायाची आग मस्तकात गेली. आईला दवाखान्यातून आणून नुकतंच अंथरुणावर टेकवलं होतं, गाईंची धार काढायची होती, आणि मी तिथे भरदुपारी एकटीच उभी राहून एका बाकाला शिव्या देत होते.

हा उपद्व्याप माझ्या चुलतभावाचा. शहरात त्याचं टाइल्सचं मोठं दुकान आहे. घरात सगळे त्याला चकचक म्हणतात. लहानपणी सुट्टीत शेतावर यायचा तेव्हा चिखलात उतरण्याआधी बूट पुसायचा, तेव्हापासूनचं नाव. त्याला त्याचा राग नाही, उलट मिरवतो. गेल्या वर्षापासून याच्या डोक्यात किडा वळवळत होता, की आपल्या माणसांची थडगी अशी गवतात पडलीत, काहीतरी केलं पाहिजे. मी म्हटलं होतं, कर बाबा, पण मला विचारून कर. हो हो म्हणाला. मग मी आईला घेऊन पंधरा दिवस दवाखान्यात अडकले, आणि या पठ्ठ्याने मशीन आणून सगळं उरकून टाकलं.

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला उतारावर तो तुकडा आहे. घरात आम्ही त्याला ‘वरचा तुकडा’ एवढंच म्हणतो. वीतभर मातीखाली सगळा खडक. पणजोबांनी जमीन फोडली तेव्हा तिथे त्यांचे दोन नांगर मोडले, तिसरा त्यांनी घातला नाही. आमच्यात पुरायची रीत आहे; पणजी गेली तेव्हा तिला तिथे पुरलं, कारण तिथे काही पिकत नव्हतं. पणजी आयुष्यभर सगळ्यांचं उरलंसुरलं खायची आणि मेल्यावरही तिला उरलेलीच जमीन मिळाली, असं माझी आजी दात ओठ खाऊन सांगायची. मग पणजोबा आले, मग त्यांचे भाऊ, मग एका वर्षी तापाची साथ आली आणि एकदम बरेच जण आले. मोठ्या माणसांचे दगड पिवळसर, मऊ, त्यावर नावं कोरलेली. चकचकने पाण्याचा फवारा मारून ते धुतले होते. पणजीच्या दगडावरची अक्षरंच उडाली. आता तो अगदी स्वच्छ आहे आणि कुणाचाच नाही.

पण माझ्या डोक्यात खरी तिडीक गेली ती खालच्या कोपऱ्यापायी. तो लहानग्यांचा कोपरा. नाव ठेवायच्या आधीच मूल गेलं तर आमच्याकडे कोरीव दगड नाही. कोरणार काय? त्याऐवजी, बाळंतीण उठून हिंडूफिरू लागली की ती स्वतः रानात जायची, एक दगड निवडायची, आणि तो कडेवर घेऊन उतार चढायची. मदत कुणी करायची नाही. नवऱ्याने तर मुळीच नाही. मूल कडेवर घ्यायला मिळालं नाही, तर निदान हे. आमच्या घरातल्या कितीतरी बायका अशा धापा टाकत वर गेल्या. कुणाचा काळा, कुणाचा चपटा, माझ्या आजीचे दोन, शेजारी शेजारी. कुठला कुणाचा ते बायकांना बरोबर ठाऊक. पुरुषांना विचाराल तर म्हणतील, दगड आहेत.

आईचा दगड तांबूस आहे, एका बाजूने सपाट, मधून पांढरी रेघ गेलेली. माझा थोरला भाऊ आठवडाभर जगला. त्याला पुरलं तेव्हा आई तापाने फणफणलेली होती, तिला कशाची शुद्ध नव्हती. बरी झाल्यावर बाबांनी तिला वर नेऊन जागा दाखवली, इथे. तिने दगड आणून तिथे ठेवला. तेव्हापासून ती आठवड्यातून एकदा तरी जाऊन बसायची आणि त्याला सगळं सांगायची. कुठली गाय व्याली, कोण कुणाशी भांडलं, माझा निकाल काय लागला. लहानपणी मला त्याचा फार हेवा वाटायचा. घरातली प्रत्येक गोष्ट त्याला माझ्याआधी कळायची.

आता डॉक्टरांनी आईचं पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. घरी न्या म्हणाले. आई खुळी नाही, तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. गाडीत ती मला म्हणाली, “मला त्याच्या शेजारी ठेव.”

“बाबांच्या शेजारी नको?”

“नको गं. त्यांच्या शेजारी झालं की जन्मभर. काय ते घोरणं. मला पोराजवळ जायचंय.”

दुसरं काहीही तिने मागितलं नाही. साडी नको, माणसं नकोत, सोहळा नको. फक्त तेवढी जागा. आणि मी हो म्हटलं, कारण त्यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? जागा माहीत होती. दगड तिथे होता.

मी चकचकला फोन लावला.

“बघितलंस का ताई?” तो खूष होऊन म्हणाला. “बोल, कसं वाटलं?”

“खालच्या कोपऱ्यातले दगड कुठायत?”

“अगं वापरले ना. बाहेरून एक दगड आणला नाही मी. सगळा तिथलाच माल.”

“माल?”

“म्हणजे तिथेच विखरून पडले होते. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं, ताई. मी काय आंधळा आहे का, प्रत्येक दगड उलटून बघितला. अक्षर असतं तर हात लावला नसता.”

प्रत्येक दगड उलटून बघितला म्हणे. केवढी ती काळजी. अक्षर नाही म्हणजे माणूस नाही, हा याचा हिशेब. मी मग त्याला सांगितलं ते दगड काय होते. अगदी सावकाश सांगितलं, शिव्या मधे मधे घातल्या.

“मला कुणी कधी सांगितलंच नाही,” तो शेवटी म्हणाला. आणि हे खरं होतं. तो शहरात वाढला, त्याच्या आईचं एकही मूल असं गेलं नाही, त्याला कोण सांगणार? पण मला त्या वेळी खरंखोटं बघायचं नव्हतं, मला कुणालातरी धुवायचं होतं.

“मग विचारायला तोंड नव्हतं?”

“अगं पण बाबा तिथेच होते. रोज खुर्ची टाकून बसायचे. मी एकेक दगड त्यांच्यासमोरून नेला. ते काही बोलले नाहीत.”

त्याचे बाबा म्हणजे माझे काका. ते शेतावरच राहतात, आमच्या घराला लागून त्यांचं घर. त्यांचा सगळा जन्म इथे गेला. कोपरा काय आहे हे त्यांना माहीत नाही असं होणं शक्यच नव्हतं.

मी तशीच त्यांच्याकडे गेले. ते ओट्यावर बसून दोरीची गाठ सोडवत होते.

“काका, चकचक लहानग्यांचे दगड उचलत होता तेव्हा तुम्ही बघत होतात ना?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, कानातलं मशीन काढलं आणि खिशात टाकलं. मग पुन्हा गाठ सोडवायला लागले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढा मोठा माणूस, आणि मूग गिळून बसतो. मी त्यांच्या हातातली दोरी ओढून अंगणात भिरकावली आणि धार काढायला निघून गेले. त्या दिवशी गाईंनीसुद्धा माझ्याकडे जरा जपूनच पाहिलं.

चकचक सकाळी आला. जुने बूट घालून आला होता, हातोडा आणि छिन्नी घेऊन. रात्री पुन्हा फोनवर आमचं ठरलं होतं की आईला काही कळू द्यायचं नाही. दगड सोडवायचे, जागच्या जागी ठेवायचे, कोपऱ्यावर त्याने अंथरलेली खडी उचलायची, विषय संपला. पण आईच्या खिडकीतून रस्ता दिसतो. तिने त्याची गाडी पाहिली.

“तो वर काय करतोय?”

“काही नाही, साफसफाई.”

“मग मला घेऊन चल. बघू दे तरी, माझी जागा त्याने कशी ठेवलीय.”

“आई, टाके ओले आहेत अजून.”

“वाळायला वेळ आहे कुठे त्यांना? चल.”

मी नाही नाही ते सांगून पाहिलं. ऊन आहे, खडबडीत रस्ता आहे, डॉक्टर ओरडतील. तिने पाय खाली सोडले आणि चपला शोधायला लागली. तिच्यापुढे कुणाचं कधी चाललंय? शेवटी तिला खुर्चीसकट टेम्पोत बसवलं आणि वर नेलं. काकाही काठी टेकत मागून आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

आईने बाक पाहिला. खालची खडी पाहिली, सरळ रेषेत, कडेला विटा लावलेली. कोपरा नव्हताच तिथे. मला वाटलं आता ती ओरडेल, मी तर वाटच पाहत होते. ती ओरडली नाही. तिने मला खुर्ची पुढे घ्यायला लावली आणि बाकाच्या पोटावरून हात फिरवत गेली. पांढऱ्या रेघेवर येऊन हात थांबला.

“हा माझा,” ती म्हणाली.

चकचक तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. रडायलाच लागला, चांगला पन्नाशीचा बाप्या. “काकू, चुकलं माझं. मी आत्ता काढून देतो. कुठे होता तेवढं दाखवा, मी तसाच्या तसा बसवतो.”

“आधी नाक पूस,” आई म्हणाली.

त्याने छिन्नी लावली. दगड निघायला बराच वेळ गेला, कारण कारागिरी पक्की होती. एवढं मनापासून कुणी वाटोळं करत असेल असं मला वाटत नाही. तो तांबडा दगड निघाल्यावर त्याने सिमेंट खरवडलं आणि आईच्या मांडीवर ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि हनुवटीने दाखवलं. “तिथे. वरच्या मोठ्या खडकाच्या सरळ खाली, कुंपणापासून जरा आत. डोळे मिटून सांगेन.”

“वहिनी,” काका म्हणाले, “तिथे नाही.”

आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो. मशीन त्यांनी आज कानात घातलं होतं.

“त्या वर्षी वादळात मोठं झाड पडलं होतं इथे. आठवतंय? तुम्ही माहेरी होतात, हिच्या वेळचं बाळंतपण होतं. झाड बरोबर कोपऱ्यावर आडवं झालं. ओढून काढायला ट्रॅक्टर आणला, दगड आड येत होते. दादा आणि मी, आम्ही ते उचलून बाजूला टाकले. ढीग केला. झाड निघालं, पण जमीन सगळी उचकटली होती. कुठला कुठे होता काही कळेना. मग आम्ही ठेवले. अंदाजाने.”

“अंदाजाने,” मी म्हटलं.

“दादा म्हणाला, ती आली की सांगू. मग तुम्ही आलात वहिनी, ही पोर घेऊन. कितीतरी दिवसांनी हसत होतात. झाडाची खूणच गेली होती, कुणा बाईच्या लक्षात आलं नाही, आणि सांगायचं राहून गेलं. मग फार उशीर झाला. मी रोज बघायचो तुम्ही तिथे बसलेल्या. परवा पोरगा दगड उचलायला लागला तेव्हा म्हटलं, जाऊ देत एकदाचे. दगड नाहीत तर खोटंही नाही.”

मला माणूस मारावासा वाटला. खरंच सांगते, हात शिवशिवत होते. काल दुपारपासून मी चकचकच्या नावाने बोटं मोडत होते, आणि त्या बिचाऱ्याने हलवलेले दगड आधीच कधीचे हललेले होते. मी जन्माला येत होते तेव्हा हे दोघे भाऊ इथे माझ्या भावाचा दगड ढिगात टाकत होते. आणि पुढे जन्मभर एकाच घरात, एकाच ताटाला बसून, तोंडाला कुलूप. बाबा जमिनीखाली आहेत हे त्यांचं नशीब. मी त्यांच्या दगडापाशी जाऊन जे बोलले ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

परत आले तेव्हा आई काकांना विचारत होती.

“मग मी इतकी वर्षं कुणाजवळ बसत होते?”

“आपल्यातल्याच कुणाजवळ तरी असाल, वहिनी. सगळी आपलीच.”

“बरं. असेल. त्यालाही कुणी नव्हतंच.” तिने दगड मांडीवर सारखा केला. “आणि माझ्या पोराजवळ कोण बसलं?”

काका काठीच्या टोकाने माती उकरायला लागले.

“मला माहीत नव्हतं, भावजी. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही दोघांनी एकदा तरी यायचं होतं. इकडे नाही तर तिकडे बसायचं होतं. पोर एकटं पडलं ना.”

आवाज चढला नव्हता तिचा. मी आईला चिडलेली पुष्कळदा पाहिलीय, दूध सांडल्यावर, वीज गेल्यावर, बाबांनी बी पेरायला उशीर केल्यावर. सगळं घर दणाणायचं. हा राग मी कधी पाहिला नव्हता. काकांना उभं राहवेना, पण बसायला जागा म्हणजे तो बाक, आणि बाकावर बसायची त्यांची छाती झाली नाही.

“मला यांच्यातच घाला,” थोड्या वेळाने आई म्हणाली. “मधे. यातला एक माझा आहे, एवढं तरी खरं ना?”

मग आईसाठी मोकळी जागा शोधायला चकचक कामाला लागला. इथे मातीखाली खडक आहे, त्यामुळे जिथे एकदा खणलं गेलंय तिथेच सळई खोल जाते, बाकी ठिकाणी लगेच ठण् करून थांबते. त्याने सगळी खडी फावड्याने बाजूला केली, त्यानेच अंथरलेली. मग ओणवा होऊन हात-हातभर अंतरावर सळई घालत गेला. जिथे सळई खाली गेली तिथे त्याने दुकानातला टाइलचा एकेक तुकडा ठेवला. मी त्याला पाणी नेऊन दिलं, बोलले मात्र काही नाही. त्याचे गुडघे फुटले होते. मला त्याची दया यायला लागली होती आणि त्याचाही मला रागच येत होता.

आईला घरी नेते म्हटलं तर ती हलेना. तिच्या खुर्चीवर छत्री बांधली आणि ती तिथेच बसून राहिली, मांडीवर दगड घेऊन, प्रत्येक तुकड्याकडे बघत. दगड जिथे होते तिथे खाली काही नव्हतंच म्हटलं तरी चालेल. खरी लेकरं निराळीच निजली होती, दोन वाकड्यातिकड्या ओळींत, एकमेकांना अगदी चिकटून. फक्त दोन्ही ओळींच्या मधे एक लांबट पट्टा मोकळा होता.

चकचकने टेप काढली. इकडून मोजलं, तिकडून मोजलं, पुन्हा मोजलं. मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

“काय झालं?” आईने विचारलं.

“लांबी आहे, काकू. रुंदी नाही. माणसाची पेटी बसत नाही यात. इकडच्या नाहीतर तिकडच्या एखाद्याला धक्का लागणारच.”

“हाडं तरी कुठे उरली असतील आता,” काका पुटपुटले. “जरासं सरकलं तर...”

“काका, एक शब्द बोलू नका,” मी म्हटलं. “एक अक्षर काढलंत तर ही सळई आहे इथे.”

“कुणाला हलवायचं नाही,” आई म्हणाली. “झालं तेवढं पुरे. मला कुशीवर ठेवा.”

“कुशीवर?”

“अरुंद पेटी करून घ्या. सुताराला सांगा, बाई कुशीवर निजणार आहे. हसला तर हसू दे. लेकरं असलेली बाई सरळ झोपते का कधी?”

चकचकने मान डोलावली. तो पट्ट्याच्या कडेला उकिडवा बसला आणि टेप पुन्हा उलगडली, कमी रुंदीची. बसत होतं. दोन्हीकडे बोटभर जागा सोडून बसत होतं. त्याला इतका आनंद झाला की त्याने कामाच्या सवयीने पुढचा प्रश्न विचारला, दुकानात गिऱ्हाइकाला विचारावा तसा.

“कुठल्या कुशीवर, काकू? तोंड या ओळीकडे करायचं की त्या?”

आईने डावीकडचे तुकडे पाहिले. मग उजवीकडचे पाहिले. एकसारखेच तुकडे, पांढरे, एकाच पेटीतले. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तिने तो बाजूला केला.

“ते भावजींना विचार,” ती म्हणाली, आणि काकांकडे तोंड करून उत्तराची वाट बघत बसली.